मंद आच हवी, शिळी हंडी नको

मे महिन्यातली रात्र. साडेदहा वाजून गेले होते, तरी दवाखान्याच्या व्हरांड्यात गरम हवा कोंडून राहिली होती. एका मालवाहू टेम्पोतून एकाच घरातली सात माणसं आली. तीन बाया, तीन मुलं आणि सत्तरी ओलांडलेली एक आजी. सगळ्यांची तक्रार एकच, पोटात पीळ पडतो आणि पाण्यासारखे जुलाब होतात. उलट्या फारशा कुणाला नव्हत्या, ताप कुणालाच नव्हता. मुलं रडत होती, बाया पोट धरून बसल्या होत्या. आजी मात्र गप्प होती. डॉक्टरला रडणाऱ्या पेशंटपेक्षा गप्प पेशंटची भीती जास्त वाटते. तिची जीभ कोरडी पडली होती, डोळे खोल गेले होते आणि मनगटावर नाडी जेमतेम लागत होती.

सलाईन सुरू झाल्यावर मी विचारपूस केली. आदल्या रात्री घरी पाहुणे आले होते, बकऱ्याचं मटण झालं होतं. सोबत आलेला मोठा मुलगा मटणावर दोष येऊ द्यायला तयार नव्हता. "मटण कच्चं नव्हतं जी. दुपारी चारला चुलीवर चढवलं, रात्री नऊला उतरवलं. पाच तास शिजलं. आम्ही सारे माणसं तेच जेवलो, आम्हाले तर काहीच नाही झालं."

त्याचं बरोबर होतं. आजाराचं उत्तरही त्याच्या याच वाक्यात होतं.

अन्नातून विषबाधा झाली की आम्ही दोन गोष्टी विचारतो. कोणी काय खाल्लं आणि केव्हा खाल्लं. या घरात पुरुष आणि पाहुणे रात्री नऊला, वाफ निघत असतानाच जेवले होते. बायांनी सगळं आवरून उशिरा चार घास खाल्ले. चूल विझली, अर्धी भरलेली हंडी झाकण ठेवून तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पुरुष कामावर गेल्यावर ते मटण "थोडं गरम करून" रात्रीच्या भातासोबत बायांनी आणि मुलांनी खाल्लं. सगळ्यात जास्त आजीने खाल्लं, कारण वाया जाऊ नये म्हणून हंडी पुसून घ्यायचं काम तिचं. संध्याकाळी एकेकाचं पोट दुखू लागलं.

आधी जेवलेले सगळे ठणठणीत आणि मागून जेवलेले सगळे आजारी, अशी ती यादी होती. त्या यादीत मला एक जंतू दिसला, तशीच त्या घरातली जेवणाची रांगही दिसली.

आजी चौथ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली, म्हणून ही गोष्ट मी मोकळेपणाने सांगू शकतो. सांगायचं कारण असं की मंद आचेवरच्या जेवणाला सध्या पुन्हा चांगले दिवस आले आहेत. महामार्गावर 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या दिसतात. दुसरीकडे विजेवर चालणारं 'स्लो कुकर' नावाचं भांडं परदेशातल्या नातेवाइकांकडून आपल्या घरांपर्यंत पोचलं आहे. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याची बायको नोकरी करते. सकाळी ती खिम्यात कांदा, अंडं, पावाचा चुरा घालून त्याचा लांबट गोळा त्या भांड्यात ठेवते आणि कामावर जाते. संध्याकाळी घरी आल्यावर त्याच्या वड्या कापून सगळे जेवतात. तिकडे त्याला मीटलोफ म्हणतात. तिने मध्यंतरी फोनवर विचारलं, "मामा, आठ-आठ तास मटण असं मंद गरम राहतं, पोटाला बरं असतं का?"

प्रश्न चांगला आहे. मी तिला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

भांडं नवं, पद्धत जुनी

विजेच्या स्लो कुकरला तिकडे ओळख मिळाली ती १९७० नंतरच्या दशकात. त्याचं मूळ मात्र अर्विंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाने १९४० मध्ये मिळवलेल्या पेटंटमध्ये आहे. त्याची आई लिथुआनियातली. तिच्या गावी ज्यू कुटुंबं शुक्रवारी संध्याकाळी कालवणाचं मडकं बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवत, कारण शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नसे. भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजत राही. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सनला भांडं सुचलं.

आपल्या देशातही असं भांडं होतं आणि ते एका डॉक्टरनेच बनवलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये 'इकमिक कुकर' तयार केला. खाली थोडासा कोळसा, वर डब्यावर डबा आणि आत वाफ. भात, डाळ, मटण एकदम लावायचं आणि कामाला निघून जायचं.

आणि आपल्या गावची चूल? तिच्या शेजारी वैल असे. मुख्य जाळावर उकळी आली की हंडी वैलावर सरकवायची, खाली निखारे ओढायचे. गावराणी कोंबडी असो की पायाचा रस्सा, उरलेलं काम निखारे करत. भंडाऱ्यात लहानपण गेलेल्या माझ्या पिढीला हंडीचं झाकण उघडल्यावर येणारा तो वास अजून आठवतो. तेव्हा मंद आच ही अमेरिकेची देणगी नाही आणि मागासलेपणाची खूणही नाही.

मटण मऊ का होतं

सारखी हालचाल करणाऱ्या स्नायूंत, म्हणजे मांडी, खांदा, मान, नळी इथल्या मांसात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे असतात. मोठ्या जाळावर झटपट शिजवलं तर मांसाचे तंतू आकसतात, पाणी बाहेर पडतं आणि कोलॅजन मात्र तसंच राहतं. मटण रबरासारखं लागतं. ७० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास राहिलं की हेच कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो, तो त्यामुळे. दात गेलेल्या आजोबांना आणि नुकतं खाऊ लागलेल्या नातवाला एकाच हंडीतलं वाढता येतं, तेही त्यामुळेच.

या पद्धतीत तेल कमी लागतं. तर्री म्हणजे चव असं आपल्याकडे समीकरण आहे आणि सावजी रश्श्यावर माझंही प्रेम आहे. पण चव मसाल्यात आणि वेळात असते, वरच्या बोटभर तेलात नसते. रक्तदाबाच्या माणसाने मीठही हात राखून घालावं. मंद शिजलेल्या रश्श्यात मांसाची स्वतःची चव उतरते, त्यामुळे मिठाची उणीव कमी जाणवते.

म्हणजे शिजण्यात धोका नाही. पाच तास शिजलेलं मटण हे पंचवीस मिनिटं शिजलेल्या मटणापेक्षा अधिक धोक्याचं नसतं. धोका सुरू होतो आच बंद झाल्यावर.

हंडी थंड होताना

मांसात आणि मसाल्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे कवच घालून झोपलेला जंतू. उकळीने तो मरत नाही. उलट उकळीने बाकीचे जंतू मरतात, रश्श्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि या जंतूला हवी तशी रिकामी जागा मिळते, कारण तो ऑक्सिजनशिवायच वाढतो. रस्सा ६० अंशांच्या खाली आला की तो जागा होतो. त्याला सगळ्यात मानवतं ४३ ते ४७ अंशांचं तापमान. तिथे तो जवळपास दर दहा मिनिटांनी दुप्पट होतो. हिशेब करून पाहा. एका जंतूपासून तीन तासांत अडीच लाखांहून जास्त.

आता आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा आठवा. पारा ४५ च्या आसपास जातो. रात्री बारा वाजता स्वयंपाकघरातली भिंत हाताला गरम लागते. प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे असले की आम्ही ३७ अंशांची पेटी वापरतो. मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर त्या पेटीपासून फार लांब नसतं. त्यात हंडी मोठी, रस्सा दाट, वर तेलाचा थर आणि त्यावर घट्ट झाकण. तेलाचा थर आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही. वाटीभर रस्सा लवकर निवतो, दहा लिटरची हंडी कित्येक तास कोमट राहते. हात लावून 'अजून गरम आहे, म्हणजे चांगलं आहे' असं आपण म्हणतो. ती कोमट हंडीच धोक्याची असते.

असं मटण खाल्ल्यावर साधारण ६ ते २४ तासांत पोटात कळा येतात आणि जुलाब लागतात. ताप आणि उलट्या सहसा नसतात. धडधाकट माणूस एका दिवसात सावरतो, म्हणून 'बाहेरचं काही खाल्लं असेल' म्हणून विसरूनही जातो. म्हातारी माणसं, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मधुमेहाचे रुग्ण यांच्या अंगातलं पाणी मात्र इतकं झपाट्याने कमी होतं की जिवावर बेतू शकतं.

"मग चांगलं गरम करून खाल्लं तर?" असं कुणीही विचारेल. नुसतं कोमट करण्याने काही होत नाही, जंतूंना ती आणखी ऊबच मिळते. खळखळून उकळी आली आणि काही मिनिटं टिकली, तर हा जंतू मरतो. पण सोबत शिळा भात असतो. आपला जिल्हा भाताचा, चिन्नोरच्या वासाचा. भातात बॅसिलस सीरियस नावाचा दुसरा बीजाणू असतो. भात रात्रभर बाहेर राहिला की तो असं विष तयार करू शकतो, जे फोडणी देऊनही नाहीसं होत नाही. हाताळणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून येणाऱ्या स्टॅफिलोकोकसचं विषही तसंच. म्हणून 'गरम केलं की सगळं मरतं' हा भरवसा अर्धाच खरा आहे.

आजीची हंडी आणि आपली हंडी

हे सांगितलं की हमखास उत्तर येतं, "आमच्या आजीच्या काळी हंडी रात्रभर चुलीवर राहायची, कोणाला काही झालं नाही." मी या उत्तराला हसत नाही. त्यात तथ्य आहे. आजीची हंडी वैलावर होती, खाली राखेत झाकलेले निखारे होते आणि रस्सा पहाटेपर्यंत चटका बसेल इतका गरम राहायचा. ६० अंशांच्या वर हे जंतू वाढत नाहीत. शिवाय घरात पंधरा-वीस माणसं, हंडीत उरायचंच किती? आपण आजीची हंडी घेतली, तिचे निखारे सोडले. नऊ वाजता गॅस बंद करतो आणि हंडी मात्र ओट्यावर रात्रभर ठेवतो. परंपरा अर्धी उचलली की ती अंगाशी येते.

आणखी एक गोष्ट आजीच्या काळातली होती, ती परत यायला नको. धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि अनेक घरांत गॅस पोचला, तरी सिलिंडर महाग म्हणून लांब वेळ शिजणारं अन्न अजून चुलीवरच होतं. धाप लागते म्हणून आमच्या ओपीडीत येणाऱ्या, आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बायांची फुप्फुसं तपासताना त्या चुलीची आठवण येते. माझी आई त्यांच्यापैकीच एक होती. मटणाला धुराची चव लागते म्हणून आपण वाहवा करतो, तो धूर तिच्या छातीत गेलेला असतो.

खिम्याची गोष्ट वेगळी

भाचेसुनेच्या मीटलोफकडे परत येतो. मटणाच्या अखंड तुकड्यावर जंतू असले तर ते बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात आणि पहिल्या परतण्यात मरतात. खिमा करताना बाहेरचा भाग यंत्रातून आत जातो आणि जंतू सगळीकडे मिसळतात. म्हणून खिम्याचा गोळा मधोमध पूर्ण शिजलाच पाहिजे. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या खिम्याच्या टिक्क्यांमुळे ७०० हून अधिक माणसं आजारी पडली आणि चार मुलं गेली. तेव्हापासून तिकडे खिमा मधोमध किमान ७१ अंश गरम झाला पाहिजे असं सांगतात, कोंबडीचा असेल तर ७४. लक्षात ठेवायला सोपं म्हणून मी सगळ्यालाच ७४ सांगतो. रंगावर जाऊ नये. हळद-तिखट घातलेल्या आपल्या खिम्याचा रंग काहीच सांगत नाही. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. ताप मोजायला घरात थर्मामीटर असतो, तसा हाही असावा.

आमच्याकडे रविवारी हा प्रकार होतो. अर्धा किलो ताजा खिमा, एक अंडं, मूठभर पोह्यांचा चुरा, बारीक चिरून परतलेला कांदा, आलं-लसूण, थोडा घरचा काळा मसाला आणि भरपूर सांभार. हे हलक्या हाताने एकत्र करून, तेल लावलेल्या डब्यात जाडी तीन बोटांहून जास्त होणार नाही असं थापायचं. स्लो कुकर नसेल तर काही बिघडत नाही. कुकरमध्ये तळाला पाणी घालून, डबा आत ठेवून, शिट्टी न लावता पाऊण ते एक तास वाफवायचं. मग मधोमध तापमान पाहायचं आणि दहा मिनिटं मुरू देऊन वड्या कापायच्या. माझी नात त्याला मटणाचा केक म्हणते. वरून टोमॅटोचा पातळ रस्सा आणि सोबत गरम भात.

विजेचं भांडं असेल तर चार पथ्यं पाळावीत. फ्रीजरमधलं बर्फासारखं मांस थेट आत टाकू नये, आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटं होऊ द्यावं. भांडं अर्ध्याहून जास्त आणि तीन चतुर्थांशाहून कमी भरावं. झाकण सारखं उघडू नये. 'गरम ठेवा' ही खूण शिजवण्यासाठी नसते. राजमा त्यात थेट शिजवू नये. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, आधी खळखळून उकळून घ्यावा, कारण कच्च्या राजम्यातलं एक विषारी द्रव्य मंद आचेवर पुरतं नष्ट होत नाही.

आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे वीज. अमेरिकेतली सून सकाळी भांडं लावून निर्धास्त जाते. आपल्याकडे दुपारी तीन तास वीज गेली आणि परत आली, तर घरी आल्यावर भांडं गरमच सापडेल आणि मधल्या तीन तासांचा पत्ता लागणार नाही. म्हणून आपल्याकडे हे भांडं कुणी घरी असताना वापरावं. वीज किती वेळ गेली हे ठाऊक नसेल, तर जीव कितीही हळहळला तरी ते अन्न खाऊ नये.

शेवटी कोण जेवतं?

आता त्या यादीकडे वळतो. आधी जेवलेले बरे, मागून जेवलेले आजारी. हंडी कशी थंड करायची हे शिकवलं तर आजार टळेल, हे खरं. पण मला वाटतं, त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. घरातल्या बाईला मटण केव्हा मिळतं आणि कोणतं मिळतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मटणातलं लोह शरीराला भाजी-डाळीतल्या लोहापेक्षा सहज लागू पडतं. म्हणजे ज्या घरात मटण खाल्लं जातं, तिथे त्याची सगळ्यात जास्त गरज असलेली व्यक्ती शेवटी जेवते. तिच्या ताटात फोडी नसतात, रस्सा असतो, आणि दुसऱ्या दिवशी शिळं असतं. मी ओपीडीत लोहाच्या गोळ्या लिहून देतो. चिठ्ठीवर 'फोडी आधी हिला वाढा' असं लिहायची सोय नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगतो, पण माझ्या घरी काय होतं? त्या रात्री ड्युटी संपवून घरी गेलो तेव्हा ताट झाकून ठेवलेलं होतं आणि बायको जागी होती. तीही जेवली नव्हती. माझी आई आयुष्यभर सगळ्यांच्या नंतर जेवली. तिच्या ताटात काय असायचं हे मला आठवत नाही. कारण मी कधी पाहिलंच नाही. इतकी वर्षं डॉक्टर असून हे मला सात पेशंटच्या एका यादीने दाखवलं.

मंद आचेच्या जेवणाची खरी किंमत मला इथे दिसते. पोळी-भाकरी गरम हवी तर कुणीतरी तव्यापाशी उभं राहावं लागतं. ते कुणीतरी कोण असतं, हे सांगायला नको. हंडी, खिम्याचा गोळा, वाफवलेला भात यांना जेवायच्या वेळी उभं राहणारं माणूस लागत नाही. ते आधीच शिजून तयार असतं. आठ वाजता हंडी मध्ये ठेवा आणि सगळे गोल बसा. करणारीही बसेल, तिलाही फोड मिळेल आणि तिलाही वाफ निघणारं अन्न मिळेल. सगळे एकदम गरम जेवले की उरतं कमी आणि उरलं तरी ते कुणा एकीच्या माथी येत नाही. अन्नसुरक्षेचा याहून सोपा नियम मला माहीत नाही.

उरलंच तर एवढं करा

अंदाज घेऊन थोडं कमीच करा. पाहुणचारात हंडी उतू जायलाच हवी असं नाही. जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात एका तासाच्या आत, उरलेलं मोठ्या हंडीतून दोन-तीन पसरट भांड्यांत काढा. ती भांडी थंड पाणी भरलेल्या परातीत ठेवून ढवळा. वीस-पंचवीस मिनिटांत रस्सा निवतो, मग फ्रिजमध्ये ठेवा. 'गरम फ्रिजमध्ये ठेवू नये' म्हणून रात्रभर बाहेर ठेवणं हा त्याहून मोठा धोका आहे. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढा, खळखळून उकळा आणि एकदाच गरम करा. भातालाही हेच.

फ्रिज नसेल तर? आपल्या जिल्ह्यात अशी घरं अजून आहेत आणि त्यांना फ्रिज घ्या असं सांगणं सोपं असलं तरी उपयोगाचं नाही. तिथे त्याच रात्री, गरम असतानाच, शेजारी वाटी पाठवावी. आपल्याकडे ती रीत होतीच. पितळी वा तांब्याच्या भांड्याला कल्हई नसेल तर आंबट रस्सा त्यात ठेवू नये. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला, त्यामुळे ही भांडी अजून अनेक घरांत आहेत. ती वापरा, पण कल्हई करून.

आणि जुलाब सुरू झालेच तर ओआरएस सुरू करून वाट पाहू नका. म्हाताऱ्या माणसाची लघवी कमी झाली, जीभ कोरडी पडली किंवा ते गुंगीत गेलं, तर लगेच दवाखान्यात आणा. मागे सांगितलेल्या आजी संध्याकाळपासून त्रास सोसत होत्या. घरच्यांना उशिरा कळलं, कारण त्यांनी सांगितलंच नाही. आधी मुलांना पाहा म्हणाल्या.

घरी जायच्या दिवशी मी त्यांच्या मुलाला हंडी, परात, पाणी सगळं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली. मग आजींकडे वळून मी म्हणालो, "आजी, आता घरी मटण झालं की तुम्ही पहिल्या पंगतीला बसायचं. हे औषध समजा." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "असं कसं जी डॉक्टरसाहेब, माणसं जेवल्याबिगर?"

सलाईनने त्यांचं पाणी भरून निघालं. या वाक्यावर मात्र दवाखान्यात औषध नाही. ते तुमच्या-माझ्या घरी, आठ वाजताच्या जेवणातच मिळू शकतं. येत्या रविवारी हंडी चढवाल तेव्हा एक ताट आधी वाढा, ज्या हाताने ती चढवली त्याचं.